आमच्याकडे पोरी फिगर करत नाहीत

नायगावात दौलत तांबे कोण म्हणून विचारलं असतं, तर चार जणांनी डोकं खाजवलं असतं. पण ‘आठवाले सर’ म्हटलं की पोलिस क्वार्टर्सपासून भोईवाड्यापर्यंत कुणीही बोट दाखवून खोली सांगायचं. बसच्या वर्कशॉपात फिटर म्हणून सरांची छत्तीस वर्षं गेली. नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, बेअरिंगमधलं ग्रीस सुकलंय की गोळी फुटलीय. तिथल्याच एका पारशी फोरमनने त्यांना ऐन विशीत चाकांच्या बुटांवर उभं केलं, आणि तेव्हापासून हा माणूस जमिनीवर नीट चाललाच नाही, असं त्यांच्या बायकोचं, अंबिकाबाईंचं म्हणणं.

रोज संध्याकाळी साडेपाचला बीडीडीच्या दोन चाळींमधल्या सिमेंटच्या फरशीवर सर यायचे ते एक खिळा, सुतळी आणि खडू घेऊन. खिळा मधे धरायचा, सुतळी ताणायची, खडूने मोठा गोल ओढायचा, मग त्याला चिकटून दुसरा. झाला आठ. मराठी नव्हे, इंग्रजी. ‘सर, मराठी आठ का नाही?’ असं दरवर्षी एखादं कार्टं विचारायचंच, आणि ‘त्याला शेपूट आहे, तुझ्यासारखं’ हे सरांचं उत्तर ठरलेलं. मग एका पायावर, चाकांच्या बाहेरच्या धारेवर अंग कलतं ठेवून, रेघ न सोडता एक गोल पुरा करायचा, मधे पाय बदलायचा आणि दुसरा. रेघ सुटली की पुन्हा पहिल्यापासून. बघणाऱ्याला यात बघण्यासारखं काही नाही, करणाऱ्याच्या मांड्या पेटतात. सहा-सहा महिने सर दुसरं काही करूच द्यायचे नाहीत. गिरकी, उडी, सगळं त्यानंतर.

या प्रकाराचं खरं नाव फिगर स्केटिंग. फिगर म्हणजे आकृती, असं फोरमनने सांगितलेलं, आणि सर पडले सरळ माणूस. क्लास सुरू केला तेव्हा त्यांनी पुठ्ठ्यावर लाल रंगात लिहून लावलं, ‘फिगर स्केटिंग, मुलींचा खास वर्ग’. आता मुंबईत फिगर म्हणजे काय, हे चौथीतल्या पोरालाही ठाऊक. दुसऱ्या दिवशी नाक्यावरची सगळी रिकामटेकडी मंडळी खास वर्ग बघायला हजर. पाच मुली आल्या होत्या. चौघींच्या आयांनी त्यांना दंडाला धरून घरी नेलं. पाचवी मानसी सावंत. तिचे वडील रामजी सावंत मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यापासून डोकं कायमचं तापलेलं. ते गॅलरीतूनच कडाडले, “माझ्या चेडवाची फिगर कोणाक दाखवची आसा रे तांब्या?”

सरांनी त्याच संध्याकाळी पुठ्ठा फाडला. नवा लावला, ‘आठाचा क्लास’. आणि नियम केला, तो शब्द इथे कुणी काढायचा नाही. मग घरोघर गेले. रामजींकडे चारदा गेले आणि चारदा चहा न मिळता परत आले. पाचव्यांदा अंबिकाबाईंना बरोबर नेलं. त्या सावंतवहिनींच्या शेजारी बसून तांदूळ निवडू लागल्या. चौथ्या दिवशी मानसी परत आली. सलवार घालून आली, पण आली. पुढच्या तीस वर्षांत त्या फरशीवरून दीड-दोनशे मुली आठ काढून गेल्या. एकीचंही नाव पेपरात आलं नाही आणि सरांचं त्यावाचून काही अडलं नाही.

अपेक्षा साळवी वयाच्या आठव्या वर्षी आली. वडील अग्निशमन दलात ड्रायव्हर, आई परळच्या एका हॉस्पिटलात आया, त्यामुळे पोरगी शाळेतून सुटली की सरांच्याच खोलीत जेवायची. हट्टी इतकी, की पहिल्या वर्षी गुडघा फुटला तरी रेघ पुरी केल्याशिवाय खाली बसली नाही. सरांना आजवर खूप मुली मिळाल्या होत्या, पण ही वेगळी. मुलाबाळांवाचून राहिलेल्या माणसाने जे कुणाजवळ बोलायचं नसतं ते सरांनी अंबिकाबाईंजवळ एकदा बोलून टाकलं. “ही माझं नाव काढील बघ,” ते म्हणाले. अकरा वर्षं त्यांनी तिला घडवलं, आणि वर्कशॉपातून निवृत्त झाल्यावर तर दिवसातून दोनदा.

मग एका मराठी वाहिनीवर ‘चाकांवर महाराष्ट्र’ सुरू झालं. शनिवार-रविवार, रात्री आठ ते साडेनऊ. धूर, दिवे, टिकल्यांचे कपडे, रडणारे परीक्षक, आणि पडद्यावर सोनेरी अक्षरांत तोच शब्द, फिगर स्केटिंग. पहिल्या भागात सरांनी धास्तीने गॅलरीत डोकावून पाहिलं, की आता कुठून शिटी येते. शिटी आली नाही. ज्या शब्दापायी आयांनी मुली ओढून नेल्या होत्या, तोच शब्द त्यांच्याच सुना डोळे मोठे करून उच्चारत होत्या. तीस वर्षं घरोघर चपला झिजवून जे सरांना जमलं नाही, ते टीव्हीच्या डब्याने तीन आठवड्यांत केलं. सरांना याचा राग आला नाही. उलट त्यांनी अंबिकाबाईंना म्हटलं, “कसं का होईना, कोंडी फुटली.” आणि त्या कार्यक्रमात अपेक्षा निवडली गेली, तेव्हा तर त्यांनी सबंध मजल्यावर पेढे वाटले.

तिची ओळख करून देणारी फिल्म काढायला वाहिनीचा सम्यक नावाचा मुलगा आला. चेंबूरचा. आल्या आल्या “जय भीम सर” म्हणाला, अंबिकाबाईंच्या हातची भाकरी खाल्ली, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोपुढे क्षणभर उभा राहिला. सरांना तो घरचाच वाटला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून त्यांनी सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत कॅमेऱ्यासमोर सुतळी ताणली, खडू ओढला, चाकं उघडून दाखवली. अपेक्षा मागे उभी राहून हसत होती. शेवटी सम्यकने विचारलं, “सर, इतक्या वर्षांपूर्वी या वस्तीत मुलींना फिगर स्केटिंग शिकवायचं म्हणजे लोक काय म्हणायचे?” सरांनी पुठ्ठ्याची गोष्ट सांगितली, नियम सांगितला, आणि मग ऐटीत, नेहमीचं ठेवणीतलं वाक्य टाकलं. “म्हणून आमच्याकडे पोरी फिगर-बिगर करत नाहीत. आठ काढतात.” सगळे हसले. सम्यक म्हणाला, “कडक, सर. एकदा परत बोला ना, जरा गंभीर चेहऱ्याने.” सरांनी परत बोलून दिलं. तोंडावर गंभीरपणा आणायला त्यांना फार कष्ट पडले नाहीत, फिटरचाच चेहरा तो.

तो भाग लागला त्या शनिवारी सरांची खोली भरून माणसं दारात आणि दाराबाहेर उभी होती. अंबिकाबाईंनी कांदाभजी केली होती. फिल्म सुरू झाली. चाळीचे जिने दिसले, वाळत घातलेले कपडे दिसले, सगळं काळपट करून. खालून धरलेल्या कॅमेऱ्यात सरांचा चेहरा आला, ढोलाचा एक ठोका पडला, आणि सर म्हणाले, “आमच्याकडे पोरी फिगर-बिगर करत नाहीत.” बस्स. पुढचं कापलेलं. मग अपेक्षाचा आवाज, शांत, जरा घोगरा. “ज्या वस्तीत तो शब्द उच्चारायलाही बंदी होती, तिथे मी एकटी शिकले. मोबाईलवर बघून. लपून.” परीक्षक बाई रडली. तिने अपेक्षाला उभं राहून सलाम केला आणि म्हणाली, अशा लोकांच्या नाकावर टिच्चून मुली पुढे येताहेत.

खोलीतून एकेक जण उठायला लागला. कुणाचा गॅस चालू होता, कुणाला औषध घ्यायचं होतं. शेजारच्या सुंदराबाईंनी तर अकरा वर्षं गॅलरीच्या कठड्याला टेकून अपेक्षाचा एकेक आठ पाहिला होता. दारातून बाहेर पडताना त्या दुसरीच्या कानाशी म्हणाल्या, आणि ते सरांना नीट ऐकू गेलं, “पण टीव्हीवाले कशाला खोटं दाखवतील?”

सरांनी अपेक्षाला फोन लावला, बंद. स्पर्धकांचे फोन काढून घेत. सम्यकला लावला. तो म्हणाला, “सर, एडिटवाल्यांनी केलं. वरून सांगतात, कुणीतरी विरोध करणारा पाहिजे. त्याशिवाय लोक वोट करत नाहीत.”

“ते तू बघ. पण तिचा आवाज कसा आला त्यात?”

“आवाज तिचाच आहे, सर. तिला आधी लिहून दिलेलं. तिने वाचलं.”

“वाचून काही बोलली नाही?”

“विचारलं तिने. हे बोलल्यावर मी पुढच्या राउंडला जाईन का, म्हणाली.”

सरांनी फोन ठेवला. अंबिकाबाईंनी भज्यांचं ताट तसंच उचललं. “आईबापांनी नाव सम्यक ठेवलं,” त्या म्हणाल्या, “वाचा कुठे ठेवली कुणास ठाऊक.” त्यांचा राग सम्यकवर निघत होता, सरांना त्याच्यावर राग येत नव्हता. तो परका होता. परक्याने फसवलं तर माणूस फसला एवढंच होतं. ज्या पोरीचा गुडघा आपण स्वतः धुतला, तिने कागद आधी वाचला होता आणि मग तोंड उघडलं होतं. हे काही केल्या त्यांच्या घशाखाली उतरेना.

सोमवारी वस्तीच्या क्रीडा मंडळाचा रमाकांत आला. चांगला मुलगा, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा. म्हणाला, “सर, मला माहितीये काय झालं ते. पण आत्ता काही बोलू नका. वोटिंग चालू आहे. आपली पोरगी आहे, आपल्याच वस्तीने तिची वाट लावली असं नको व्हायला.” हे सरांनाही पटलं. दोन दिवसांनी कुणाच्या तरी फोनवरून अपेक्षाचाही फोन आला. “सर, सॉरी. फायनलपर्यंत थांबा ना, प्लीज. मग मी स्वतः सांगते. स्टेजवर सांगते, सगळ्यांसमोर.” सर म्हणाले, “डाव्या पायावर येताना खांदा पडतोय तुझा. तेवढं बघ.” आणि सात आठवडे त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. तिने शब्द दिला होता, आणि त्यांना तिच्याकडून दुसरं काहीच नको होतं.

त्या सात आठवड्यांत सगळं नायगाव चाकांवर आलं. दुकानात गुलाबी बूट लागले. पुनर्विकासात चाळी रिकाम्या होत होत्या, आठाची फरशीही नुकतीच उखडली गेली होती, म्हणून पोरी नव्या टॉवरच्या पार्किंगमध्ये गिरक्या घ्यायला लागल्या. पडत, रडत, मोबाईलवर फिल्म काढत. आठ कुणालाच नको होता. टीव्हीवर आठ कुठे दाखवतात? टीव्हीवर उचलून फेकतात. एका आईने सरांना विचारलंही, “तुम्ही लिफ्ट शिकवता का? नाहीतर राहू दे.”

आणि एके दिवशी मानसी सावंत आली. आता चाळिशीची, माटुंग्याला एका कॉलेजात क्लार्क, नऊ वर्षांच्या मुलीचा हात धरलेला. सरांना तिला बघून बरं वाटलं. निदान ही तरी जाणते. बसा म्हणाले, पण ती उभीच राहिली.

“सर, एक विचारायचं होतं. राग नका मानू. मी लहान असताना पप्पांनी माझं स्केटिंग बंद केलेलं. तेव्हा तुम्ही सारखे घरी यायचात. पप्पांशी बाहेर गॅलरीत बोलत असायचात. मला ऐकू यायचं नाही. आता कळलं, काय सांगत होतात ते.”

चार वेळा ती गॅलरी, चार वेळा तो न मिळालेला चहा. सरांनी म्हटलं, “मानसी, पप्पांना विचार. आहेत ना अजून.”

“विचारलं,” ती म्हणाली. “ते म्हणतात, मी कशाला नको म्हणू, तांबेच नको म्हणायचे.”

म्हाताऱ्याने खोटं सांगितलं की त्यालाही आता तसंच आठवत होतं, हे सरांना कधी कळलं नाही. एका अर्ध्या वाक्याने तीस वर्षं मागे जाऊन माणसांच्या डोक्यातल्या जागा बदलल्या होत्या. जे आडवे आले होते ते सगळे आता मुलींच्या बाजूचे झाले होते, आणि विरोधाची बाजू तर कुणीतरी धरायलाच हवी ना, ती सरांच्या गळ्यात पडली होती. मानसी मुलीला घेऊन गेली. ती क्लासला परत कशी आली होती, हे तिला आठवलं असेल का, असं सर संध्याकाळभर अंबिकाबाईंना विचारत राहिले.

फायनल सरांनी एकट्याने पाहिली. अंबिकाबाई मुद्दाम दिराकडे गेल्या होत्या. टिकल्यांच्या निळ्या कपड्यांत अपेक्षा आली, आणि दुसऱ्याच मिनिटाला ती डाव्या पायावर, मागे जात, बाहेरच्या धारेवर एक अख्खा गोल अशी फिरली की सरांनी नकळत बोटाने हवेत रेघ ओढली. खांदा पडला नव्हता. त्या गोलावर कुणी टाळी वाजवली नाही. टाळ्या पडल्या त्या नंतरच्या उडीला. परीक्षक म्हणाला, “आज कळलं, याला फिगर स्केटिंग का म्हणतात,” आणि डोळा मारला. सगळं सभागृह हसलं, खाली पार्किंगमधल्या मोठ्या पडद्यासमोर बसलेलं नायगावही हसलं. अपेक्षा जिंकली. तिने आईचे आभार मानले, वडिलांचे मानले, बाबासाहेबांचे मानले, वाहिनीचे, नाच बसवणाऱ्याचे, कपडे शिवणाऱ्याचे. सर खुर्चीच्या टोकाला सरकून बसले होते. मग जाहिरात लागली.

“गडबडीत राहिलं असेल,” ते परत आलेल्या अंबिकाबाईंना म्हणाले.

सत्कार मंडळाने ठेवला होता, टॉवरला लागून, फरशी उखडून झालेल्या मोकळ्या जागेत, वाहिनीच्या कॅमेऱ्यांसकट. रमाकांत दोनदा येऊन गेला. “सर, तुम्ही यायलाच पाहिजे. अपेक्षाने खास सांगितलंय.” एवढं ऐकल्यावर सरांनी तोच पांढरा शर्ट कपाटातून काढला. अंबिकाबाई म्हणाल्या, “मी येत नाही. मला तिचं तोंड बघवणार नाही.” सर म्हणाले, “अगं, तिने शब्द दिलाय. आज बोलेल ती.” साठीच्या माणसाने इतकं लहान मुलासारखं बोलू नये, असं अंबिकाबाईंना वाटलं, पण त्यांनी शर्टाची कॉलर नीट करून दिली.

मंडपात सरांना पहिल्या रांगेत बसवलं. अपेक्षा व्यासपीठावर होती, तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. रमाकांतने माईक हातात घेतला. “आता मी अशा व्यक्तीला बोलावतो,” तो म्हणाला, “ज्यांनी एके काळी विरोध केला. पण काळाबरोबर बदलायला मोठं मन लागतं. आज ते स्वतः आपल्या लेकीला हार घालणार आहेत. जोरदार टाळ्या, आपले तांबे सर.”

टाळ्या खरोखरच जोरदार पडल्या. लोकांनी त्यांना माफ केलं होतं. सर उठले. त्यांना परत फिरता आलं असतं, पण पायऱ्या चढेपर्यंत त्यांच्या मनात एकच होतं, की आता तरी ती बोलेल. रमाकांतने हातात हार दिला. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि माईक मागून घेतला.

“मी फार बोलणार नाही,” ते म्हणाले. “माझं एक वाक्य अर्धं राहिलंय, तेवढं पुरं करतो. आमच्याकडे पोरी फिगर-बिगर करत नाहीत.”

मंडपात हशा उसळला. म्हातारा स्वतःचीच थट्टा करतोय, असं लोकांना वाटलं. “आठ काढतात,” सर म्हणाले, पण ते हशात बुडालं. त्यांनी सगळे शांत होईपर्यंत वाट पाहिली. “आठ काढतात. हिला मी अकरा वर्षं शिकवलं. ही खुर्ची आहे ना, इथेच फरशी होती.”

मागून कुणीतरी म्हणालं, “जिंकल्यावर सगळेच गुरू होतात.” पुन्हा हसणं झालं. वाईट मनाने कुणी हसत नव्हतं. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, ती म्हातारी माणसं आपापल्या चपलांकडे बघत होती. सरांनी वाद घातला नाही. ते अपेक्षाकडे वळले आणि माईक तिच्यासमोर धरला.

“सांग,” ते म्हणाले.

तिला नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. पुढे शे-दोनशे मोबाईल वर झाले होते, वाहिनीचा कॅमेरा दोन पावलं जवळ आला होता. अपेक्षाने माईक दोन्ही हातांनी घेतला. तेवढ्यात सरांना तिची कीवही आली. मग ती वाकली, त्यांच्या पायांना हात लावला, उभी राहिली आणि त्या शांत, जरा घोगऱ्या आवाजात बोलली.

“काका,” ती म्हणाली, “जुनं मनात ठेवू नका. मीही ठेवलेलं नाही. तुमचा आशीर्वाद असू द्या.”

सर घरी आले तेव्हा अंबिकाबाई दारातच उभ्या होत्या. खालच्या टाळ्या त्यांना वरपर्यंत ऐकू आल्या होत्या.

“बोलली?” त्यांनी विचारलं.

सरांनी शर्टाची वरची गुंडी काढली, खुर्चीवर बसले.

“काका म्हणाली मला,” ते म्हणाले.